ब्लॉकलिस्टमधून सर्व्हर सोडवताना कोण कसं वागलं

आधी कामाचं सांगते. तुमच्या मेल सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत, गेला असेल आणि कोणी फोनवर "पंधरा हजारांत काढून देतो" म्हणालं, तर फोन ठेवून द्या. ज्या यादीमुळे बहुतेक वेळा काम अडतं ती स्पॅमहाउस नावाच्या संस्थेची यादी, आणि ती नाव काढायचे पैसे घेत नाही. गेल्या नवरात्रात साडेतीन दिवस मी याच भानगडीत होते. चार-पाच याद्यांच्या दारात उभी राहिले. कुठलं दार कसं उघडलं ते लिहून ठेवते, पुढच्या माणसाचे दोन दिवस तरी वाचतील.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. घरी बसून पाच-सहा लहान कारखान्यांचे सर्व्हर सांभाळते. ही गोष्ट त्यातल्या एका कारखान्याची, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या. व्हॉल्व्हचे सुटे भाग करतात. चाळीसेक मेल खाती, भाड्याच्या सर्व्हरवर मेल पाठवणारं-घेणारं पोस्टफिक्स. शेठ गुजराती, अकाउंटवाले काका मात्र आपले, रावपुऱ्यातले, बाबांच्या ओळखीचे. म्हणून ते मला "ताई" वगैरे म्हणत नाहीत, सरळ "अगं" म्हणतात.

तिसऱ्या माळेला सकाळी साडेनऊला त्यांचा फोन. "अगं, कोइम्बतूरच्या पार्टीला कोटेशन जातच नाहीये. परत येतंय. खाली इंग्रजीत काहीतरी बडबड आहे."

काकांनी मॉनिटरचा मोबाइलनं काढलेला फोटो पाठवला, तिरपा, वर ट्यूबलाइटची चमक. आणि नेमकी खालची ओळ कापलेली! परत आलेल्या मेलमध्ये कामाची ओळ असते ती एकच, आणि ती बहुतेक तळाशी असते. दुसऱ्या फोटोत ती आली: ५५० हा आकडा (म्हणजे मेल नाकारली), आमचा आयपी "ब्लॉक्ड", आणि पुढे स्पॅमहाउसच्या झेन यादीचं नाव. येणाऱ्या मेल मात्र मजेत येत होत्या. यादीमुळे अडतं ते जाणं. त्यामुळे सगळ्या पार्ट्यांचे "उत्तर का देत नाही" असे निरोप काकांपर्यंत नीट पोचत होते आणि काकांचं उत्तर कोणापर्यंत पोचत नव्हतं.

शेठचा पहिला प्रश्न: "बेन, आपणुं नाम कोणे लख्युं?"

हे त्यांना समजावणं मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण शेठच्या टेबलाच्या खणात एक लाल डायरी आहे. ज्यांचे चेक बाउन्स झाले त्या पार्ट्यांची नावं त्यात आहेत. जीआयडीसीतले दुसरे शेठ नवा माल उधारीवर देण्याआधी यांना फोन करतात: अमुक पार्टी कशी आहे? शेठ डायरी बघून सांगतात. माल द्यायचा की नाही ते ज्याचं तो ठरवतो, शेठ कोणाच्या गोदामाला कुलूप लावायला जात नाहीत. ब्लॉकलिस्ट हीच डायरी. कोइम्बतूरच्या सर्व्हरनं आमची मेल दारात थांबवून डायरीवाल्याला विचारलं, त्यानं "नाव आहे" म्हटलं, आणि कोइम्बतूरनं दार लावलं.

विचारण्याची पद्धतही गमतीची आहे. आयपीचे चार आकडे उलटे लावायचे, त्याच्या मागे यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, पत्ता विचारायचा. काहीच उत्तर आलं नाही तर तुम्ही स्वच्छ. १२७.०.० नं सुरू होणारं उत्तर आलं तर नाव आहे, आणि शेवटचा आकडा कशात आहे ते सांगतो. झेन ही स्पॅमहाउसच्या अनेक याद्यांची मोट आहे: २ आला तर एसबीएल (माणसांनी केलेल्या नोंदी), ३ आला तर सीएसएस (स्पॅम पाठवताना आपोआप पकडलेले पत्ते), ४ ते ७ म्हणजे एक्सबीएल (हॅक झालेली यंत्रं), १० किंवा ११ म्हणजे पीबीएल (साधी घरगुती-ऑफिसची कनेक्शनं). पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये अशी पहिली यादी चालू केली होती, त्यांच्या संस्थेचं नाव 'मॅप्स', म्हणजे स्पॅम उलटं वाचलं की जे होतं ते. इतक्या वर्षांत युक्ती बदललेली नाही.

आता माझा गाढवपणा. घाईत मी माझ्या लॅपटॉपवरून विचारलं, आणि लॅपटॉपला गूगलचा ८.८.८.८ हा सार्वजनिक रिझॉल्व्हर (आपल्या वतीनं डीएनएसला विचारणारा मध्यस्थ) लावलेला. उत्तर आलं १२७.२५५.२५५.२५४. मला वाटलं, अरे देवा, ही कुठली भयंकर यादी! अर्धा तास शोधत बसले. मग सहज माझ्या दुसऱ्या एका ग्राहकाचा आयपी विचारला, तोही तसाच. स्वतःच्या घरचा विचारला, तोही तसाच. त्या उत्तराचा अर्थ एवढाच आहे की तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारताय, तिथून आम्ही सांगत नाही. स्पॅमहाउसनं हे लिहून ठेवलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

पण या गाढवपणातून एक फायदा झाला. आमच्या स्वतःच्या पोस्टफिक्समध्ये येणाऱ्या मेलसाठी झेन यादी लावलेली होती, पण कुठलंही उत्तर आलं की मेल परत, अशा ढोबळ पद्धतीनं. उद्या कोणी त्या सर्व्हरला सार्वजनिक रिझॉल्व्हर लावला असता तर जगातली प्रत्येक मेल आम्ही स्पॅम म्हणून परत पाठवली असती. आता तिथे १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं मानायची असं लिहिलंय, आणि सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर बसवलाय. त्याच सेटिंगमध्ये सॉर्ब्स नावाच्या दुसऱ्या ब्लॉकलिस्टचंही नाव होतं. ती यादी २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली. माझ्या आधीच्या माणसानं कधीतरी लिहिलेलं, मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. तेही काढलं.

तर, स्पॅमहाउस. त्यांच्या तपासणीच्या पानावर आयपी टाकला आणि सीएसएसमध्ये नाव असल्याचं समोर आलं. हे पान मला मनापासून आवडलं, कारण ते नुसतं "तुम्ही वाईट" म्हणून थांबत नाही. शेवटची भानगड कधी दिसली त्याची वेळ होती, त्या वेळी सर्व्हरनं हेलोमध्ये, म्हणजे दारात ओळख देताना, स्वतःचं काय नाव सांगितलं तेही होतं. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, रात्रीचे ८:५०. त्यात साडेपाच तास मिळवा: आपले पहाटेचे २:२०. नवरात्रात बडोदं रात्री दोनलाही जागं असतं, गरब्याहून परतणारी पोरं सेव उसळीच्या गाडीवर उभी असतात, पण मकरपुऱ्यात बसून व्हॉल्व्हची कोटेशनं कोणी पाठवत नसतं.

तेवढ्या धाग्यावर बाकीचं सापडलं. मेल लॉगमध्ये २:२० च्या आसपास पाहिलं, कोणत्या खात्यानं लॉगिन केलंय. एकच नाव, शेकडो वेळा: 'सेल्स२'. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून अंकलेश्वरला गेलेल्या मुलाचं खातं. "कधी लागलं तर" म्हणून ठेवलेलं. पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३. पाठवायच्या रांगेत तेव्हा ११,४०० मेल उभ्या होत्या, सगळ्या कुठल्याशा लॉटरीच्या.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. फॉर्म सगळ्यात शेवटी भरायचा. घाबरलेला माणूस आधी फॉर्म भरतो, नाव निघतं, रांगेतल्या मेल पुन्हा सुटतात आणि संध्याकाळी नाव परत आत. असं दोन-चारदा झालं की फॉर्मवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मी आधी खातं बंद केलं, रांग साफ केली (त्यात खरी कोटेशनं होती ती बाजूला काढून, त्यालाच तास गेला), चाळीसही खात्यांचे पासवर्ड बदलले, एका खात्यातून तासाला शंभरच्या वर मेल जाणार नाहीत अशी मर्यादा घातली, चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्यांना बाहेर ठेवायला फेल२बॅन लावलं. पासवर्ड बदलल्याबद्दल शॉपफ्लोअरवरून मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग दुपारी तीनला फॉर्म. नाव, ईमेल, मेलवर आलेल्या लिंकवर खात्री, संपलं. तासाभरानं विचारलं तर १२७.०.०.३ येणं बंद. कोइम्बतूरला मात्र संध्याकाळी सातनंतर मेल लागली. जुनं उत्तर डीएनएसमध्ये साठवलेलं असतं, काही मोठ्या कंपन्या यादीची प्रत स्वतःकडे ठेवून ती अधूनमधून ताजी करतात. हा मधला वेळ फोनवर "झालं का, झालं का" ऐकण्यात जातो, त्याची तयारी ठेवा.

माझं नाव एसबीएलमध्ये असतं तर हे इतकं सोपं नव्हतं. तिथे माणसं बसून नोंद करतात आणि काढायची विनंती ज्याचं नेटवर्क आहे त्या कंपनीनं करायची असते, भाडेकरूनं नाही. स्पॅमहाउसला पाचपैकी साडेचार. पैकीच्या पैकी मी आईच्या पुरणपोळीलाही देत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठचा भाचा, जो कॉम्प्युटर शिकलेला आहे आणि त्यामुळे जास्त घाबरतो, त्यानं ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी त्याच पानावर टाकला. लाल! "बेन, ऑफिसवाळो पण गयो!" तो पीबीएलमध्ये होता. पीबीएल म्हणजे आरोप नव्हे, हे त्याला समजवायला दोन चहा लागले. घरगुती आणि ऑफिसच्या साध्या कनेक्शनचे पत्ते त्यात असतातच. म्हणणं एवढंच की या पत्त्यावरून कोणी परस्पर दुसऱ्याच्या दारात मेल टाकू नये, आपल्या मेल सर्व्हरमार्फत यावं. बरेच इंटरनेट पुरवठादार स्वतःच आपले पत्ते त्यात देतात.

"पण मग स्कॅनर का बंद आहे?" भाच्यानं विचारलं, आणि तिथे तो बरोबर निघाला. कोपऱ्यातलं झेरॉक्स-स्कॅनरचं मशीन स्कॅन केलेला कागद थेट पोर्ट २५ वरून (सर्व्हरांनी एकमेकांना मेल द्यायची वाट) समोरच्याच्या सर्व्हरकडे पाठवत होतं, कोणाला न विचारता. काही पार्ट्या घेत होत्या, काही पीबीएल बघून नाकारत होत्या, आणि गेले सहा महिने सगळे "मशीन जुनं झालं" म्हणत होते. पीबीएलमधून स्थिर आयपी स्वतः काढून घेता येतो. मी काढला नाही. मशीनला आमच्या मेल सर्व्हरवर वेगळं खातं दिलं, पोर्ट ५८७ (खात्यानं लॉगिन करून मेल द्यायची वाट), पासवर्डसकट, आणि ऑफिसच्या राउटरमधून बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद करून टाकलं. मशीन आता नव्यासारखं चालतं. दसऱ्याला काकांनी त्याला झेंडूचा हार घातला. सर्व्हर भाड्याचा, दूर कुठेतरी, त्याला कुठून घालणार?

बाराकुडा कंपनीची यादी: फॉर्ममध्ये आयपी, ईमेल, फोन आणि कारण. कारणाच्या चौकटीत मी खरं ते चार ओळीत लिहिलं: अमुक खात्याचा पासवर्ड फुटला, अमुक वेळी बंद केलं, रांग साफ केली, मर्यादा घातली. बारा तासांत बघतो म्हणतात, आमचं रात्रीच्या जेवणाआधी झालं. "कृपया लवकर काढा, धंद्याचं नुकसान होतंय" असं लिहिणारे लोक मला माहीत आहेत. नुकसान कोणाचं होत नाही? चौकटीत काय दुरुस्त केलं ते लिहायचं असतं.

स्पॅमकॉप या तक्रारींवर चालणाऱ्या यादीला तर काही करायचंच नसतं. तक्रारी थांबल्या की साधारण चोवीस तासांत नाव आपोआप गळतं. थांबल्या नाहीत तर गळत नाही, इतका सरळ हिशेब. मला अशी दारं आवडतात, जिथे कोणाशी बोलावं लागत नाही.

तिसरा दिवस वाईट गेला. एका मोठ्या मेलबॉक्स कंपनीची, नाव घेत नाही, स्वतःची आतली यादी असते. ती कुठल्याही तपासणीच्या साइटवर दिसत नाही. सत्तर याद्यांमध्ये हिरवी खूण आणि तरी यांच्याकडे मेल परत. फॉर्म भरला. दहा मिनिटांत उत्तर: तुमचा आयपी सवलतीस पात्र नाही. खाली सही माणसाच्या नावाची, पण भाषा यंत्राची. मी चिडून बाहेर पडले, सूरसागरच्या कठड्याशी अर्धा तास बसले, परत आले आणि त्याच मेलला उत्तर लिहिलं, नवा फॉर्म न भरता. तेच चार ओळींचं खरं कारण, वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणारा खरा आहे का ते बघणाऱ्या तिन्ही तपासण्या पास होतात हे दाखवणारं एका मेलचं हेडर, आणि आयपीचं उलटं नाव आणि सुलटं नाव जुळतं (आयपीवरून जे नाव निघतं त्याच नावावरून तोच आयपी निघतो) हे. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसानं लिहिलेलं वाटावं असं उत्तर आलं: दोन दिवसांत मोकळं करतो. झालंही. पाचपैकी दोन, तेही त्या दुसऱ्या उत्तराला. पहिल्या नकारानंतर सोडून देणारे किती असतील!

उलट्या नावावरून आठवलं. हे पीटीआर रेकॉर्ड आमच्याकडे सर्व्हर देणाऱ्यानं दिलेलं आकड्यांचं लांबलचक नाव होतं, मी ते कधी बदललं नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलनं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले, त्यात उलटं-सुलटं नाव जुळलं पाहिजे हेही आहे. ते बदलायला सर्व्हरवाल्यांना तिकीट टाकलं, त्यांना दीड दिवस लागला. बाकी त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

आणि आता ती यादी, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. तपासणीच्या साइटवर एकच लाल खूण उरली होती. कारण पाहिलं तर आमच्या सर्व्हरचा दोष नव्हताच, ज्या कंपनीकडून सर्व्हर भाड्यानं घेतलाय तिचं अख्खं नेटवर्कच आत. शेजारच्या गल्लीत चोर सापडला म्हणून सगळ्या पोळाची, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याची, नावं चौकीत! आणि खाली ठळक अक्षरात: लगेच सुटका हवी असेल तर इतके पैसे. न दिले तर भानगड थांबल्यावर ठरावीक दिवसांनी नोंद आपोआप जाते.

शेठ लगेच म्हणाले, "आपी दो." देऊन टाका. माझा जीव वरखाली. कारण एक तर आपण पैसे भरले तरी शेजाऱ्याच्या चोरीमुळे आठवड्यात पुन्हा आत जाणार. दुसरं, या यादीवर विसंबून मेल परत करणारा सर्व्हर आमच्या लॉगमध्ये एकही नव्हता. महिनाभराचा लॉग मी चाळला, नकारांमध्ये तिचं नाव शून्य वेळा. अशा याद्या कशा चालवाव्यात यावर २०१२ साली एक आरएफसी (इंटरनेटच्या रीती लिहून ठेवणारा दस्तऐवज) निघाला, ६४७१ नंबरचा. त्यात लिहिलंय की नाव काढायला नोंद झालेल्याकडूनच पैसे मागणं खंडणीच्या फार जवळ जातं. यादी वापरणाऱ्याकडून पैसे घ्या, ते ठीक. अडकलेल्याकडून नको. मी ती ओळ शेठला वाचून दाखवली आणि लाल खूण तशीच सोडून दिली. आजही कधी दिसते, कधी नसते. कोटेशनं जातायत.

पंधरा हजारांचा फोन आला तो याच सुमारास. आवाज गोड, शुद्ध हिंदी, "सर, आमची आतमध्ये ओळख आहे." मी म्हटलं, मी सर नाही. तरी तो सरच म्हणत राहिला. मी विचारलं, लॉगमध्ये कुठलं खातं फुटलं ते तुम्ही शोधून देणार का? तो म्हणाला, ते तुम्ही बघा, आम्ही फक्त नाव काढतो.

दसऱ्याला पेढे घ्यायला गेले तेव्हा बिलही नेलं. शेठनी विचारलं, त्या डायरीवाल्यांना किती द्यायचे? म्हटलं, काही नाही, त्यांची सेवा फुकट आहे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "मफत? तो तो कंई गरबड हशे." लाल डायरी समोरच पडली होती. मी विचारलं, तुमच्या डायरीतून नाव काढायचं तर काय करावं लागतं? ते म्हणाले, आजवर कोणी विचारायलाच आलं नाही.

मग त्यांनी माझ्या बिलातून पाचशे रुपये कापले. "फॉर्म तो मफत हतो ने, बेन."